लॉगबुकाला लावलेलं कुलूप

चहा येईपर्यंत ऐकून घ्या. फजिती माझीच आहे, दुसऱ्या कोणाची नाही, आणि मी ती एकदाच सांगणार. अडाणीपणाच्या कामात माणूस सांभाळून चालतो. मी आपटलो तो मला जे चांगलं येतं त्या कामात.

मी खाप्याला कन्हान नदीवरच्या पंपघरात ऑपरेटर होतो. शिक्षण सातवी. पण पंपघरातलं लॉगबुक आयुष्यभर मी लिहिलं. मोटर किती वाजता सुरू, किती वाजता बंद, दाब किती, व्होल्टेज किती. एक खाडाखोड दाखवा. त्या वहीचे दोन नियम होते. ज्याची ड्युटी त्यानंच लिहायचं. आणि लिहून झालं की वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मोठा साहेब आला तरी मी त्याला वही वाचायला दिली, पेन दिला नाही.

आता रिटायर होऊन प्रताप नगरच्या आमच्या जुन्या घरीच असतो. मी आणि बायको, सुमन. पोरगी प्रज्ञा हैदराबादला कम्प्युटरच्या नोकरीत आहे. मागच्या हिवाळ्यात ती सुटीवर आली आणि घरात एक डबा बसवून गेली. डबा म्हणजे साबणाच्या दोन वड्या जोडल्या तर होईल तेवढा. त्याला जुना टीव्ही जोडला, एक कीबोर्ड दिला. त्यात लिनक्स नावाची सिस्टीम आहे. फुकट मिळते, आणि आतून कशी बनवली ते कोणालाही उघडून पाहता येतं. हे मला पटलं. ज्या मशीनचं झाकण उघडता येत नाही त्या मशीनवर माझा भरवसा नाही.

तो डबा विहिरीवरची मोटर सुरू-बंद करतो. कूलरचा पंप बघतो. अंधार पडला की फाटकावरचा दिवा लावतो. सगळा कारभार घरातल्या घरात. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, मी हैदराबादहून पाहू शकीन अशी सोय करून ठेवू का?"

मी म्हणालो, "नाही. घराची किल्ली घरात राहीन."

"मी तुमची पोरगी आहे ना."

"म्हणून चहा पाजतो. किल्ली नाही."

तिनं वाद घातला नाही. एका शंभर पानी वहीत मोठ्या इंग्रजी अक्षरांत हुकूम लिहून दिले. हे लिहिलं की हे दिसेल, ते लिहिलं की ते. इंग्रजी अक्षरं मला येतात. मोटरींवरच्या पाट्या वाचून शिकलो. एका बोटानं टाइप करतो, पण चुकत नाही. आणखी एक शब्द तिनं लाल पेनानं लिहिला. तो हुकमाच्या आधी लावला की डबा पासवर्ड विचारतो आणि नंतर आपलं म्हणणं साहेबाचं म्हणणं समजून ऐकतो. "हा जपून वापरा," ती म्हणाली. मला जपून वापरायला सांगते. मी अडीचशे हॉर्सपॉवर चालवलेला माणूस.

जाता जाता तिनं आणखी एक गोष्ट दाखवली. "बाबा, हा डबा जे जे करते ते लिहून ठेवते. आतमध्ये एक सर्व्हिस आहे, तिचं कामच नोंद ठेवणं. याले लॉग म्हणतात."

मी म्हणालो, "लॉग मले नको शिकवू."

पण खरं सांगतो, तो लॉग पाहून मी खुर्ची जवळ ओढली.

तुम्ही कधी पाहिला का मशीनचा लॉग? एक ओळ, तिच्यावर तारीख, तास, मिनिट, सेकंद. मोटर सुरू, सहा वाजून शून्य मिनिटं. मोटर बंद, सहा तीस. सेकंदाचाही फरक नाही. मी पंपघरात होतो तेव्हा माणूस सहाला सुरू करून सहा लिहायचा आणि सहा दहाला सुरू करूनही सहाच लिहायचा. मी नाही, बाकीचे.

मग मला नादच लागला. सुमन वंदनेला विहारात गेली की मी टीव्हीसमोर. डबा न सांगितलेल्या गोष्टीही लिहायचा. मी पासवर्ड चुकवला तर तेही लिहायचा. चुकवत नव्हतो, एकदाच चुकला. आणि दर तासाला, बरोबर सतराव्या मिनिटाला, एक ओळ यायची. सात सतरा. आठ सतरा. नऊ सतरा. सतराच का? पंधरा का नाही? मी प्रज्ञाला फोन केला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"सतराच काहून?"

"काय सतरा?"

सांगितलं. ती म्हणाली, "मले माहीत नाही, बाबा. दहा वर्षं झाली हे काम करून राहिली, मी कधी पाहिलंच नाही."

इंजिनिअरला जे दिसलं नाही ते सातवी पासला दिसलं. त्या दिवशी मी जरा जास्त जेवलो.

हा अभिमानच पुढे नडला.

आमची विहीर सामाईक आहे. आमच्या आणि शेजारच्या काळबांडे सरांच्या भिंतीच्या मधोमध. प्लॉट घेतले तेव्हा दोघांनी मिळून खोदली. मोटरी दोन, प्रत्येकाची आपली. पाळी ठरलेली: सहा ते साडेसहा मी, नंतर ते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, म्हणून पहिली पाळी म्हणजे मोठी गोष्ट. सर हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. माणूस चांगला, पण बोलताना असं बोलतात की आपण बाकावर उभे आहोत असं वाटतं.

एप्रिलचा एक रविवार. सर फाटकात आले. "नामदेवराव, आमच्या टाकीत पाणी पुरतं चढून नाही राहिलं. तुमची मोटर किती वेळ चालते हो?"

आता हे वाक्य तुम्हीच पाहा. तुमची मोटर किती वेळ चालते. मला काय ऐकू आलं? नामदेव, तू पाणी जास्त ओढतोस.

मी म्हणालो, "अर्धा तास. एक सेकंद जास्त नाही."

"नाही, मी सहज विचारलं..."

"सहज काहून? लिहिलेलं आहे माझ्याजवळ. पुढच्या रविवारी या. आठ दिवसांचा लॉग समोर ठेवतो, तुम्ही स्वतः वाचा. एक मिनिट जास्त निघालं तर माझी पहिली पाळी तुमची."

सर म्हणाले, "अहो, कायले एवढं?"

"या तुम्ही."

ते गेले. सुमन मागे उभी होती. "ते काही म्हणून राहिले होते नं."

"ऐकलं मी."

"तुम्ही कुठं ऐकलं?"

माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. माणूस शिकलेला. लॉग वाचून म्हणेल, हे तर तुमच्याच घरचं मशीन, तुम्हीच बदललं असेल. मग काय करायचं? आणि मी नीट पाहिलं तर एक भानगड होती. त्या एका वहीत सात-आठ जण लिहीत होते. प्रत्येक ओळीत वेगळं नाव. माझ्या ओळखीचं एकच, माझं. बाकीचे कोण? ड्युटी कोणाची, लिहितं कोण? पंपघरात असं झालं असतं तर मी पेन काढून घेतला असता.

सोमवारी सकाळी मी फोनला तोंडानं विचारलं, फाईल कोणी बदलू नये म्हणून काय करायचं. एक हिंदी बोलणारा माणूस व्हिडिओत आला. त्यानं दोन हुकूम सांगितले. पहिल्यानं फाईलचा मालक बदलतो. दुसऱ्यानं मालकाशिवाय कोणी ती वाचू शकत नाही, लिहू शकत नाही. मी ते कॅलेंडरच्या मागे उतरवले. आधी लाल पेनाचा शब्द लावला, पासवर्ड दिला, मालक म्हणून स्वतःचं नाव टाकलं. अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती. कुलूप लागलं, किल्ली खिशात.

मी मूर्ख नाही. तपासून पाहिलं. चहा घेऊन बसलो आणि अकरा सतराची वाट पाहिली. ओळ आली. बाराला पुन्हा पाहिलं, बारा सतराची आली. म्हणजे डबा लिहून राहिला आणि वही सुरक्षित. दोन्ही साधलं. तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हटलं असतं.

मंगळवारी मी कामठीला गेलो. साडूच्या घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. रात्री उशिरा आलो, झोपलो.

बुधवारी सकाळी लॉग उघडला. शेवटची ओळ मंगळवारची, दुपारी तीन सतरा. त्यानंतर काही नाही. चार सतरा नाही, पाच सतरा नाही. सकाळी सहाची मोटर मी कानानं ऐकली होती, टाकी भरलेली होती, पण वहीत मोटर नाही. म्हणजे डबा काम करून राहिला आणि लिहून नाही राहिला. असा माणूस मी पाहिला आहे, असं मशीन नाही. आणि सर चार दिवसांनी वाचायला येणार.

प्रज्ञाला फोन.

"लॉग बंद आहे."

"बाबा, काही बदललं का तुम्ही?"

"नाही."

आता तुम्ही म्हणाल, खोटं बोललास. नाही. शपथेवर सांगतो, खोटं नव्हतं. कपाटाला कुलूप लावणं म्हणजे वहीत बदल करणं का? ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

ती म्हणाली, "मग डब्यातली जागा भरली असेल. वहीच्या पान चारवरचा हुकूम द्या, आणि काय आलं ते सांगा."

मी दिला. आकडे वाचून दाखवले. जागा भरपूर होती, पाचवा हिस्साही भरला नव्हता. मला बरंच वाटलं, कारण जागा कशी मोजतात ते मी पहिल्यांदा पाहिलं. कोणत्या खोलीत काय ठेवलं ते सगळं दिसतं. मी आणखी दोन-तीन खोल्या पाहून आलो. पण लॉग जागेवरच.

गुरुवारी तिनं सकाळीच फोन केला. "आता नोंद ठेवणारी सर्व्हिस जिवंत आहे का पाहू. पान सहा."

दिला. पडद्यावर बारीक इंग्रजीच्या आठ-दहा ओळी आल्या आणि वर एक हिरवा शब्द.

"काय दिसते?"

"हिरवं आहे."

"खाली काय लिहिलं आहे?"

"हिरवं आहे म्हटलं नं."

"बाबा, खालच्या ओळी वाचा ना."

"पॅनलवर हिरवा दिवा लागला की ऑपरेटर खालची पाटी वाचत बसत नाही. चालू आहे ते."

"बरं, मग ती सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करा. पान सात."

केली. पुन्हा हिरवी. खुर्ची लावून सतराव्या मिनिटाची वाट पाहिली. दहा सतरा झाले. अकरा सतरा झाले. काही नाही. कारकून कचेरीत हजर, खुर्चीवर बसलेला, हातात पेन, आणि पान कोरं. का? मला खरंच कळत नव्हतं आणि खरं म्हणजे रागापेक्षा कुतूहलच जास्त होतं. तो आत बसून करतो काय? मी डब्याला कानही लावून पाहिला. सुमन दारातून पाहत होती.

"बोलून राहिला का काही?"

"तू याले हात लावला होता का?"

"मी? मी काहून हात लावीन तुमच्या डबड्याले? त्याच्यावरची धूळही तुम्हीच पुसता."

"मंगळवारी तीन सतरा ते चार सतराच्या मधात काय झालं?"

"म्हणजे?"

"तेव्हा कोण आलं होतं?"

ती आठवून म्हणाली, "काळबांडे सर आले होते. साडेतीनच्या सुमारास. कैऱ्या घेऊन. तुम्ही नव्हते म्हणून उभ्या उभ्या बोलले न गेले."

"डब्याजवळ गेले होते का?"

"पाहून राहिले होते. म्हणे, बरंच काही करते हे."

झालं. मला आणखी काय पाहिजे? ज्याच्याविरुद्ध पुरावा, तोच माणूस पुराव्याजवळ, आणि त्याच तासाला पुरावा बंद. माणूस इंग्रजी शिकवणारा, सगळे हुकूम इंग्रजीत. कैऱ्या तर निमित्त. मी त्या कैऱ्यांचं लोणचं घालू दिलं नाही. सुमन म्हणाली, "आता कैऱ्यांनी काय केलं?" मी म्हणालो, राहू दे.

शुक्रवारी संध्याकाळी सर झाडांना पाणी घालत होते. मी भिंतीपाशी गेलो.

"सर, मंगळवारी आमच्या घरी आले होते."

"हाव. कैऱ्या दिल्या."

"माझा लॉग मंगळवारी चारच्या सुमारास बंद पडला."

"असं का? काहून?"

"तेच विचारून राहिलो."

त्यांनी नळी खाली ठेवली. "नामदेवराव, तुम्ही मले विचारून राहिले का?"

"त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं."

सरांनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी पोरांच्या कॉप्या पकडल्या. माझी कॉपी पकडणारे तुम्ही पहिले."

"रविवारी या. ज्याचा हात निघीन त्याची पाळी जाईन. माझा निघाला तर माझी पहिली पाळी तुमची."

"येतो," ते म्हणाले. "आता तर येतोच."

हे बघा, इथं मला थांबता आलं असतं. शनिवारी पूर्ण दिवस हातात होता. सुमन म्हणाली, "जाऊन माफी मागा. चाळीस वर्षांचा शेजार आहे." मी म्हणालो, रविवार होऊ दे. दिवसभर त्यांच्या घरून आवाज नाही. त्यांची मोटर सकाळी सुरू झाली, बंद झाली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद. मी ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

रविवारी नऊ वाजता सर आले. धुतलेला शर्ट, खिशाला पेन. मी खुर्ची दिली. सुमननं पाणी दिलं. फोनवर प्रज्ञा, स्पीकर सुरू. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, मी रात्री विचार केला. तो लॉग बंद असला तरी डबा एक दुसरी वही ठेवते. आतली. ती कोणाच्या फाईलवर अवलंबून नसते. पान अकरावर तिचा हुकूम लिहून दिला आहे मी, तो कधी देऊन पाहिला का?"

"पान अकरा मी उघडलं नव्हतं."

"उघडा."

उघडलं, टाइप केलं. पडदा भरला. ओळी अशा पळाल्या की मला वाचवेना. सर पुढे सरकले. "मी वाचू का?" त्यांनी प्रज्ञाला विचारलं, मला नाही.

"वाचा ना, काकाजी. मंगळवार दुपारपासून पाहा."

सरांनी चष्मा चढवला आणि वर्गात वाचतात तसं वाचायला लागले. "मंगळवार. चार वाजून बारा मिनिटं. मशीन सुरू झालं."

प्रज्ञा म्हणाली, "सुरू झालं? म्हणजे आधी बंद पडलं होतं. आई, लाईट गेली होती का?"

सुमन म्हणाली, "हाव. अर्धा तास. सर गेले न लगेच गेली का त्याच्या आधी, पण गेली होती."

मी म्हणालो, "हे मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कोण आलं. लाईट काय कोणी येते का? ते तर रोजच जाते."

सरांनी पुढची ओळ वाचली. "चार बारा. नोंद ठेवणारी सर्व्हिस म्हणते, फाईल उघडता येत नाही. परवानगी नाकारली." ते थांबले. "हीच ओळ खाली पुन्हा आहे. पुन्हा आहे. नामदेवराव, पानभर हेच आहे. परवानगी नाकारली, परवानगी नाकारली."

मी पाहिलं. बिचारा कारकून मंगळवारपासून दारात उभा होता. दर वेळी दार वाजवत होता आणि दर वेळी लिहून ठेवत होता की दार उघडत नाही. फक्त दुसऱ्या वहीत.

प्रज्ञाचा आवाज बदलला. "परवानगी? ती तर मी नीट लावली होती. काकाजी, थोडं वर जा. सोमवार पाहा. फाईलच्या मालकाबद्दल काही आहे का?"

त्या क्षणी मला कळलं. तुम्हाला कधीच कळलं असेल. मला तेव्हा कळलं. मी कीबोर्डकडे हात नेला, पण सरांचं बोट आधीच बाण दाबत होतं.

"सोमवार," सर म्हणाले. "अकरा वाजून तीन मिनिटं. वापरणाऱ्याचं नाव..."

ते थांबले. मग त्यांनी पूर्ण वाचलं. आधी इंग्रजीत, नंतर मराठीत, सावकाश. "नामदेव. साहेबाच्या अधिकारानं. हुकूम: फाईलचा मालक बदला. नवा मालक: नामदेव."

 फोनमधून प्रज्ञा म्हणाली, "बाबा, मी तुम्हाले बुधवारीच विचारलं होतं, काही बदललं का."

"बदललं नाही. कुलूप लावलं."

"तुम्ही लिहिणाऱ्यालेच बाहेर ठेवून कुलूप लावलं."

"पण त्या दिवशी तर लिहीत होता. अकरा सतराले लिहिलं, बारा सतराले लिहिलं. मी पाहिलं."

"तेव्हा वही त्याच्या हातात उघडी होती, बाबा. तुम्ही कपाटाले कुलूप लावलं, पण तो आधीच आत बसून लिहून राहिला होता. लाईट गेली, तो उठला. परत आला तर कुलूप."

मला हे इतकं पटलं की क्षणभर मी सर समोर आहेत हे विसरलो. किती सोपं होतं. मी तिला विचारलं, म्हणजे गुरुवारी ज्या बारीक ओळी होत्या, त्यात हेच लिहिलं होतं का? ती म्हणाली, "हिरव्याच्या खाली. हेच."

सुमन पदरात तोंड घालून आत गेली. हसत होती का रडत होती ते मी विचारलं नाही.

सर उठले नाहीत. त्यांनी बाण दाबत दाबत मोटरच्या ओळी काढल्या. त्याही त्या दुसऱ्या वहीत होत्या. "सहा ते सहा तीस. सहा ते सहा तीस. रोज. तुमची मोटर बरोबर आहे, नामदेवराव."

आता हा माणूस इथं मला चिरडू शकत होता. चिरडलं असतं तर सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "सर, मी चुकलो." हे शब्द माझ्या तोंडून निघायला किती वेळ लागला ते डब्यानं लिहिलं नाही, हे बरं झालं. "पहिली पाळी उद्यापासून तुमची."

सर म्हणाले, "मले पाळी नाही पाहिजे."

"मग?"

"मी मागच्या रविवारी कायले आलो होतो तुमच्याकडे? माझी मोटर पाणी उचलून नाही राहिली. मले वाटलं विहीर कमी झाली का मोटर बिघडली, तुम्ही पंपवाले आहात, तुमची किती वेळात टाकी भरते ते विचारावं, म्हणजे समजीन. तुम्ही मले लॉग दाखवतो म्हणून पाठवून दिलं."

मी चप्पल घातली आणि विहिरीवर गेलो. सरांनी मोटर सुरू केली. मी पाइपवर हात ठेवला. मोटर बंद करायला सांगितली. हाताखालून पाणी खाली घसरताना जाणवलं, एखादी म्हैस पाणी पिऊन खाली मान टाकते तसं. फुटव्हॉल्व. पाइपच्या तळाला एक पडदी असते, ती पाणी परत विहिरीत पडू देत नाही. ती झिजली होती. दर वेळी मोटर सुरू झाली की आधी रिकामा पाइप भरायचा, मग टाकी. दोन मिनिटांचं निदान. मी पूर्ण आठवडा भिंतीच्या अलीकडे बसून ती मोटर ऐकत होतो, सुरू-बंद, सुरू-बंद, आणि मला ऐकू आलं नाही. कारण मी मशीनचा लॉग वाचत होतो.

पाइप वर ओढला, पडदी बदलली, दुपारपर्यंत टाकी भरली. कैऱ्यांचं लोणचंही त्याच दिवशी पडलं. पाळी मात्र मी दिली. बोललो होतो, म्हणून दिली. आता सहा वाजता त्यांची मोटर चालते आणि मी साडेसहाची वाट पाहत ओट्यावर बसतो. सर एक-दोनदा म्हणाले, कायले उगाच. मी म्हणालो, ठरलं ते ठरलं.

एकच गोष्ट राहिली. कुलूप काढून, वही कारकुनाला परत देऊन झाल्यावर त्या संध्याकाळी मी प्रज्ञाला फोन केला.

"ती सोमवारची ओळ काढता येते का?"

"कोणती?"

"तुले माहीत आहे कोणती."

ती म्हणाली, "एक ओळ नाही काढता येत, बाबा. पूर्ण वही पुसावी लागेल. साहेबाच्या अधिकारानं हुकूम द्यावा लागेल."

"देतो. सांग."

"द्या. मग नव्या वहीत पहिली ओळ तीच येईल. वही कोणी पुसली, किती वाजता पुसली."

"नाव लिहिते का?"

"नाव, तास, मिनिट, सेकंद."

मी विचार केला आणि फोन ठेवला. ओळ आहे तिथेच आहे. काळबांडे सर आता आठवड्यातून दोनदा येतात, मोटर कशी चालली ते पाहायला म्हणून, आणि सोबत कोणी पाहुणा असला तर पान अकरा स्वतः उघडून ती ओळ वाचून दाखवतात. आधी इंग्रजीत, मग मराठीत अर्थ. परवा त्यांनी आपल्या जावयाला दाखवली. पुढे तुमचाही नंबर लागला असता. म्हटलं, त्यांनी अर्थ सांगण्याआधी आपणच सांगून टाकावं.